निवारण झाले आहे

रात्रपाळीला आम्ही तिघी.
खोली थंडगार ठेवलेली,
कारण यंत्रांना उन्हाळा सोसत नाही.
बाहेर ग्वाल्हेर. जून. किल्ल्याचा दगड
दिवसभर गिळलेलं ऊन मध्यरात्रीही ओकतो आहे
आणि माधवगंजातला ट्रान्सफॉर्मर जळाला आहे.

मला चार वाक्यं दिलेली आहेत,
हिंदीत, लॅमिनेट करून:
गैरसोयीबद्दल खेद आहे.
तक्रार नोंदवली आहे.
कर्मचारी कामावर आहेत.
आणखी काही सेवा?
‘मला माहीत नाही’ हे पाचवं वाक्य
त्या कागदावर नाही.

लोक शिव्या देतात.
मी अंगाला लावून घेत नाही.
शिवी कंपनीला असते,
मी नुसती वायरच्या या टोकाला बसलेली.
कुणाचं मूल रडतं फोनमध्ये,
कुणी म्हणतं, बहनजी, तुमच्या घरी आहे का बत्ती?
(आमच्याकडेही नव्हती. आईचा मिस्ड कॉल होता.)

एक वाजून दहा मिनिटांनी पागनीस.
नाव काय म्हणालीस? हर्डीकर?
छावणीतल्या हर्डीकरांपैकी?
मग मराठीतच बोलू की.

आणि माझी चारही वाक्यं
ओठांवर येऊन उभी राहिली,
चुकीच्या घराची बेल वाजवल्यासारखी.
हिंदीत मी कंपनी असते.
मराठीत खेद आहे म्हणायला
आधी खेद व्हावा लागतो.

ते मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल गेली, सवय राहिली.
वहीत बघून वाचत होते:
लाइट गेली नऊ चार.
पहिला फोन नऊ अकरा, एंगेज.
लागला नऊ सव्वीसला.
बारा पन्नास, तुमचा मेसेज: निवारण झाले आहे.
वाचायला मेणबत्ती लागली नाही, तेवढं बरं,
मेसेज स्वतःच उजेड घेऊन येतो.

मी गप्प.
साहेबांच्या तक्त्यात चार तासांनी रकाना लाल होतो,
म्हणून पावणेचार तासांनी निवारण होतं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांनी ते वजाबाकी करून काढलं होतं.

लाइट मागायला फोन नाही केला, म्हणाले.
तुमचा लाइनमन बैजनाथ इथेच आहे,
खांबाखाली गमछा अंथरून बसलाय बिचारा.
नवा ट्रान्सफॉर्मर डबऱ्याहून निघालाय म्हणे,
पोचेल तेव्हा पोचेल.
त्याला ताक दिलं. घामाने चिंब होता पोरगा,
आणि गल्लीतले लोक शिव्या त्यालाच देतात.
तू फक्त एवढं लिही
की नाही आली.

स्क्रीनवर एक बटण आहे, ‘पुन्हा उघडा’.
फिकट राखी. मला वाटायचं ते दाबलं जात नाही.
दाबलं जातं.
कारणाच्या चौकटीत साठ अक्षरं मावतात.
मी लिहिलं: अंधार आहे.
रकाना लाल झाला.

सकाळी मेमो.
विहित भाषेचा वापर केला नाही.
उत्तर मी विहित भाषेत दिलं,
त्यात खेद होता, दोनदा.
तक्रार परत बंद झाली, कुणी केली ते दिसत नाही.

दुसऱ्या रात्री पुन्हा तोच नंबर.
मी श्वास धरला.
आली, म्हणाले. पहाटे तीन चाळीसला.
पंखा आधी उलटा फिरतोय असं वाटलं, मग नीट.
बैजनाथच्या हाताला फोड आलाय, तेही लिहून ठेव.

सहा वर्षांत
लाइट आल्याचा फोन कुणी केला नव्हता.
त्यासाठी रकाना नाही, तक्रार क्रमांक नाही.
मी लॅमिनेट उलटं केलं
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहू लागले.
शाई प्लॅस्टिकवर टिकत नव्हती.
आणखी दाबून लिहिलं.